दौलतमामाची वाळू

मामा गेल्याचं कार्ड साताऱ्याला माझ्या हाती पडलं, तेव्हा मी चुलीपुढे होते. सांगलीच्या शेजाऱ्यांनी मामीच्या वतीने चारच ओळी लिहिल्या होत्या. महिना उलटून गेला, आता कुठे लिहिण्याएवढी शांत झाले आहे...

दौलतमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. लष्करात पाणी गाळणाऱ्या पथकात होता, लढाईच्या काळात इराककडे राहून आला. परतल्यावर त्याने तांबटाच्या ओळखीतून काचेची एक मोठी पेटी बनवून घेतली आणि कृष्णेतले बारीक मासे पाळले. मामी कपाळाला हात लावायची. पेटीच्या वर तिवईवर बुडाला भोक पाडलेलं मडकं होतं. त्यात खाली खडे, मग जाड वाळू, वर कोळसा. सकाळ-संध्याकाळ पेटीतलं पाणी तांब्याने मडक्यात ओतायचं, ते गळून परत पेटीत यायचं. खडे निवडताना तो त्यांच्यावर लिंबू पिळून बघे. फेस आला की त्यात चुना आहे म्हणून टाकून देई. कोळसा बाभळीचाच हवा, आणि तोही पाणी काळं यायचं थांबेपर्यंत धुतलेला.

माझा पहिला मुलगा आठ महिन्यांचा होऊन तापाने गेला, त्यानंतर मला सांगलीला मामाकडे पाठवलं. पाणी नीट उकळून दिलं नसेल, असं कुणीतरी माझ्यासमोरच बोललं होतं. ते मला पटलं होतं. मी बोलणंच सोडलं. मामाने काही विचारलं नाही, फक्त मडक्याचं काम माझ्याकडे दिलं. पंधरा दिवसांनी मला वाटलं, हे सगळं किती घाण झालंय. मी वाळू, खडे, कोळसा काढून मोठ्या पातेल्यात खळाखळा उकळले, दिवसभर उन्हात वाळवले आणि परत भरले. मामा तेव्हा तासगावला पाहुण्यांकडे गेला होता. तो परतेपर्यंत पाणी गढुळलं होतं आणि मासे वर येऊन तोंड उघडत होते. दोन दिवसांत एकही उरला नाही.

मी पेटीपाशीच बसून राहिले. मामा शेजारी येऊन टेकला. मेलेले मासे त्याने एकेक करून फडक्यात घेतले. मग म्हणाला, "तू घाण न्हाई केलीस पोरी. लय साफ केलंस. वाळूवर एक बुळबुळीत थर धरतो, त्योच पानी राखतो. पेटीतल्याच पान्यात नुसती खळबळायची, ती बी निम्मीच. मी सांगाया पायजे हुतं, माझं चुकलं." फडक्याला गाठ मारत तो पुढे म्हणाला, "आन् बाळाचं बी तुझ्या हातनं झालं न्हाई. उकळल्यालं पानी पिऊन बी धडधाकट गडी तापानं गेल्यालं मी बघितल्यात."

त्या दिवशी, मूल गेल्यानंतर पहिल्यांदा, मी मोठ्याने रडले. मामा उठून गेला नाही. आठवडाभराने आम्ही दोघं नदीवर गेलो, ओली वाळू आणली, आधी चारच मासे सोडले. ते जगले. मीही साताऱ्याला परत आले, संसाराला लागले. पुढे मुलगी झाली. तिला पहिल्यांदा पाणी पाजताना मी घाबरले नाही, ते कुणामुळे हे मला ठाऊक आहे.

कार्ड मिळालं त्याच दुपारच्या मोटारीने निघाले. घरात माणसं दाटली होती. पेटीकडे बघायची हिंमत होईना. मामा जाऊन चार दिवस झालेले, तेवढ्यात कुणी पाणी ओतलं असणार? शेवटी मागच्या खोलीत गेले. पाणी नितळ होतं आणि मासे फिरत होते. मडक्यातून थेंब पडत होते.

मामी दारात उभी होती. आयुष्यात तिने त्या पेटीला हात लावला नव्हता. मी बघतच राहिले, तशी ती म्हणाली, "मासं काय सुतकात हायती व्हय?" मग पदर खोचून खाली बसली आणि कोळसा कधी बदलायचा ते मला विचारू लागली. मी तिच्याजवळ बसले आणि सांगितलं.