भूकंपबाई आणि आमची म्हैस

आमच्या भूगोलाच्या बाई वर्गात शिरल्या की आधी छताकडे बघत, मग आमच्याकडे. वर काही लटकत नाही ना, पुस्तकांचं कपाट भिंतीला पक्कं ठोकलंय ना, हे पाहून झालं की हजेरी. मंचरहून जीपने येणाऱ्या या बाईंना आहुप्याच्या अलीकडच्या आमच्या वाडीने लवकरच नाव ठेवलं, भूकंपबाई. ते कानावर गेल्यावर त्या म्हणाल्या, "बरं झालं. विषय तरी लक्षात राहील."

त्यांचा पहिला धडा मी हाताने शिकलो. माझ्या हातात कारवीची काठी देऊन म्हणाल्या, "वाकव." काठी वाकत गेली आणि एकदम कडाड करून तुटली. मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या. "जमिनीखालचे अजस्र थर नखं वाढावीत तितक्या सावकाश सरकतात. खडक दाब सोसत राहतो, आणि एक दिवस तुटतो. तुझ्या हाताला आत्ता लागलं ना, तो भूकंप."

मोजमाप त्यांनी वरातीवरून सांगितलं. "खालच्या गावात डीजे लागला. त्याचं बटन किती वर आहे, तो आकडा एकच. पण वरातीत छाती धडधडते, वाडीत नुसतं धुम्म धुम्म, आणि नारायणगावला काहीच नाही. तसं यंत्रावरून काढलेली भूकंपाची तीव्रता म्हणजे एकच आकडा, हादरा मात्र ज्याच्या त्याच्या गावाचा." मग बोट वर करायच्या. "आणि आकडा एकाने वाढला, तर शक्ती जवळजवळ तीसपट!"

शिट्टी वाजली की बाकाखाली जायचं, डोकं झाकायचं, बाकाचा पाय धरायचा. हादरे थांबले की मैदानात, भिंती, तारा आणि डोंगराचा उतार सोडून. परत आत जायचं नाही, कारण मागाहून पुन्हा हादरे येतात. पालकसभेत बाईंनी हे सांगितलं, तेव्हा माझी आई उठली.

"पोरं काढाल भाईर, बाई. पन म्हशीचं काय? ती काय बाकाखाली बसल?"

सभा हसली. आई हसली नाही. वडील मी लहान असतानाच गेले होते. आमचं घर त्या एका म्हशीच्या दुधावर चालत होतं, आणि दगडमातीच्या घरात ती आमच्यासोबतच राहायची. "मी सांगून ठिवते, मी आत जानार. म्हस हाय तर पोराची शाळा हाय."

पुढच्या आठवड्यात शाळा सुटल्यावर बाई माझ्यासोबत घरीच आल्या.

"म्हैस बाहेर बांधली तर?"

"आन बिबट्या?"

"खरंय. बिबट्या केव्हाही येईल, भूकंप क्वचित. म्हैस आतच राहू दे."

त्यांनी खुंटा दाराजवळ घ्यायला लावला आणि सुटी गाठ मारून दाखवली. गाठीचं लांब टोक दाराच्या खिळ्याला अडकवलं. बाहेर पडता पडता ते हातात घ्यायचं, अंगणाच्या मध्यावर जायचं, तिथून ओढायचं. तालीम झाली. आईने ओढलं, गाठ सुटली, म्हैस जागची हलली नाही.

"घ्या! शिकलेली न्हाई ना ती," आई म्हणाली.

बाई मोकळेपणाने हसल्या. मग आईनेच म्हशीच्या खुराकाची, आंबोणाची बादली वाजवली आणि म्हैस डुलत अंगणात आली. "ठरलं," बाई म्हणाल्या, "पोरांना शिट्टी, म्हशीला बादली." तेव्हापासून एक जुनी बादली अंगणातच असते. हळूहळू वाडीतल्या घराघरांत सुट्या गाठी आल्या.

बाईंची बदली झाली तेव्हा आईने जीपमध्ये खरवसाचा डबा दिला. पुढे त्याच दुधावर मी कॉलेज केलं, घरातला पहिला पदवीधर झालो, आणि आता मीही शिकवतो. शिकवायचं म्हणजे समोरच्याचं "पण" आधी ऐकायचं, हे मला बाईंकडून मिळालं.

मध्यंतरी एका दुपारी वाडीला हलका धक्का बसला. मी पुण्यात होतो. बातमी कळून मी घाबरून फोन लावायच्या आत आईचाच आला. "आरं, भांडी वाजली रं. अंगनात बसलेय. मागचं हादरं सरल्याबिगर आत जात न्हाई. तू जेवलास का?" मागून बादलीचा खडखडाट ऐकू येत होता.

मी लगेच मंचरला बाईंना फोन लावला. त्या आता निवृत्त आहेत. म्हटलं, "बाई, वाडीत धक्का बसला. आई सुखरूप बाहेर आहे."

"आणि म्हैस?" बाईंनी विचारलं.

"तिच्याच शेजारी, बाई. बादलीत तोंड घालून."