दिव्यांच्या बोर्डावरचं गाऱ्हाणं

नाटकाच्या दिव्यांच्या बोर्डात मी नारळाचं पाणी ओतलं. चालू बोर्डात. तेव्हा मला इलेक्ट्रिशियन होऊन अकरा वर्षं झाली होती.

आखातात, मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये मी पॅनेलं जोडायचो. तिथे कोणी पॅनेलच्या डोक्यावर चहाचा ग्लास टेकवला, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. काम इलेक्ट्रिशियनचं, पण व्हिसावर हुद्दा ‘हेल्पर’ असा पडला होता, कारण एजंटाकडे त्या वेळी हेल्परचीच जागा शिल्लक होती. त्याने छापून आणलं, मी सही केली. इंग्रजी वाचता येत नव्हतं असं नाही, वाचलंच नव्हतं. आणि हेल्परला बायको-मुलं आणता येत नसत, हे मला इथे आल्यावर कळलं. बायको मालवणच्या बाजूला गावात, मुलगी तीन वर्षांची, आणि त्या तीन वर्षांत मी मुलीला दोनदा पाहिलेलं. दुसऱ्या खेपेला ती मला बघून कोंबड्यांच्या खुराड्यामागे जाऊन बसली होती.

म्हणून हुद्दा बदलायला मी शिकायला गेलो. शहरात एक कम्युनिटी कॉलेज होतं, नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळी वर्ग चालवायचं. फलकावर अभ्यासक्रमांची अशी काही भेसळ होती की विचारू नका. एक, रंगमंचाचं तंत्र: दिवे, आवाज, पडदे. दुसरा, हॉटेलात काम करणाऱ्यांसाठी वाइनचा अभ्यास. तो आमच्या शेजारच्याच खोलीत चालायचा, आणि कॉलेजात खरी बाटली आणायला बंदी असल्यामुळे ती मंडळी लाल सरबत ग्लासात फिरवून, नाक खुपसून, “ओकच्या लाकडाचा वास येतोय,” असं गंभीरपणे वहीत लिहायची. आम्ही काचेतून बघून हसायचो. सरबताला लाकडाचा वास! पण त्यातले निम्मे आज मोठमोठ्या हॉटेलांत कॅप्टन आहेत, आणि हसणारा मी कुठे होतो ते पुढे येतंच.

तिसरा अभ्यासक्रम सहा संध्याकाळींचा: आपल्याच वर्गातल्या कच्च्या विद्यार्थ्याला कसं शिकवावं. तो केला आणि एकाला खरंच शिकवलं, तर मुख्य वर्गाची निम्मी फी माफ. मी लगेच रंगमंचाच्या आणि या, दोन्ही वर्गांत नाव घातलं. गावच्या जत्रेतल्या नाटकांना मी लहानपणापासून पेट्रोमॅक्स टांगत आलेला. मला रंगमंचाचं कोण काय शिकवणार? राहिलेल्या निम्म्या फीचे दिरहम मोजले, रुपयांत फिरवून बघितले, आणि खूश झालो.

मला जो कच्चा विद्यार्थी मिळाला तो केरळचा सुतार होता. माझ्याहून वयाने मोठा, हाताने चोख, इंग्रजीत ठार. सेट असा ठोकायचा की त्यावर हत्ती उभा राहावा, पण प्रश्नपत्रिका समोर आली की घाम पुसत बसायचा. मला तो ‘माशे’ म्हणायचा, म्हणजे त्यांच्यातलं ‘मास्तर’. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी मास्तर म्हणत होतं. मी फुगलो. कंपनीची बस चुकवून, टॅक्सीत चौघांत दाटीवाटीने बसून त्याला शिकवायला जायचो. दिव्यांचे नंबर, कुठली तार कुठे जाते, बोर्ड बिघडला तर विंगेतल्या स्विचांवरून नाटक कसं तारून न्यायचं, सगळं. आणि बिघाडाची वही कशी लिहायची तेही. कोण, काय, कुठे, कधी. “खरं लिहायचं,” मी बोट नाचवून सांगायचो, “वहीत खोटं लिहिलंत, तर पुढच्या माणसाला करंट लागतो.” तो मान हलवून चार शब्द चार ओळींत लिहून काढायचा.

अर्धा अभ्यासक्रम झाल्यावर आमच्या बाईंनी, त्या इंग्रज होत्या, वर्गात सांगितलं की कॉलेजच्या सभागृहात एक टेक्निशियन घ्यायचा आहे. शेवटच्या नाटकात ज्याचं काम सरस, त्याला ही जागा. व्हिसावर ‘टेक्निशियन’. एकच जागा. मी त्याच संध्याकाळी घरी पत्र टाकलं: पासपोर्ट काढायला दे, फोटो काढून ठेव. जागा मिळाली तर, असं लिहायला हवं होतं. ‘तर’ लिहिलं नाही.

बाहेर पडताना सुतार म्हणाला, “माशे, मेरा भी वाइफ और एक लडकी है.”

“हां हां,” मी म्हणालो. त्यानंतरही शिकवायला गेलो, पण आता काही गोष्टी पटकन उरकायला लागलो. त्याने पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा सांगितल्या. आज वाटतं, त्या दोन महिन्यांत माझ्यातला मास्तर आणि माझ्यातला हेल्पर रोज एकमेकांच्या उरावर बसत होते. जिंकत बहुतेक वेळा मास्तरच होता, इतपत श्रेय मला द्यायला हरकत नाही. बाकी काही देऊ नका.

परीक्षेचं नाटक कॉलेजच्याच मुलांचं होतं, इंग्रजी. बोर्ड मी आणि सुतार दोघांनी मिळून चालवायचा. प्रेक्षागृहाच्या मागे, वरच्या काचेच्या खोलीत आम्ही दोघेच. मी नारळ घेऊन गेलो होतो. सुपरमार्केटातला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, वर किमतीची चिठ्ठी. आमच्याकडे नाटकाआधी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात; एकजण मागणं मोठ्याने सांगतो आणि बाकीचे प्रत्येक ओळीला ‘होय म्हाराजा’ म्हणून दुजोरा देतात. दुजोरा द्यायला इथे सुतारच होता. त्याला मी सांगितलं, “मी थांबलो की तुम्ही म्हणायचं, होय म्हाराजा.” तोही नारळाच्या देशातला. त्याने श्रद्धेने बूट काढले, हात जोडले.

मी सुरू केलं. “बा देवा म्हाराजा! तुझ्या लेकरान ह्या परमुलखात नारळ ठेवलो हा, तो मान्य करून घे.”

“होय माराजा.”

“ह्या नाटकात काय वाकडा-तिकडा असात, ता सरळ कर.”

“होय माराजा.”

मग मी मालवणीतच, पण जरा घाईने, पुढचं बोललो. “आणि हो जो माझ्या बाजूक उभो असा, त्येच्या हातसून आज कायतरी चूक होवंदे, ती बाईंच्या नजरेक येवंदे, आणि ही नोकरी माका गावंदे.”

“होय माराजा!” सुतार म्हणाला. या वेळी सगळ्यांत मोठ्याने. मी बोलताना त्याच्याकडे हात केला होता ना.

नारळ फोडायचा कुठे? खाली गालिचा, भिंतीला फोम. सुतार म्हणाला, “माशे, नारियल बाहर फोडने का चीज है.” तो माझा विद्यार्थी, मी मास्तर, ऐकतो कशाला? नारळ तळहातावर घेतला, बोर्डावर वाकलो आणि पान्याने एकच टोला मारला. पाणी ओंजळीत येईल असा माझा हिशेब होता. नारळ देवाला पावला असावा, कारण फुटला अगदी मधोमध. पाणी बटणांच्या फटींतून सरळ आत गेलं.

पहिली दहा मिनिटं काही झालं नाही. रुमालाने वरून पुसून घेतलं आणि गप्प बसलो. बोर्ड बंद करायला हवा होता. वर्कशॉपमधल्या पोरालाही कळतं. पण बंद केला तर कारण सांगावं लागलं असतं. मग नाटकातला म्हातारा मरायचा प्रवेश आला, मंद निळा प्रकाश हवा होता, आणि चर्र असा आवाज होऊन रंगमंचावरचे सगळे दिवे एकदम भपकन पेटले. मेलेल्या म्हाताऱ्याने डोळ्यांवर हात घेतला. प्रेक्षक हसले. मी बटणं दाबत राहिलो, एकही ऐकेना.

सुतार खोलीत नव्हता. तो जिने उतरून विंगेत पोचला होता. स्विच एकेक करून पाडले, दोन दिवे ठेवले, आणि उरलेलं नाटक त्याने तिथे उभं राहून, हाताने, एकही संकेत न चुकवता पार पाडलं. मी शिकवल्याप्रमाणे.

शेवटी बाई वर आल्या. ओरडल्या नाहीत. दोन कोरे कागद ठेवले आणि दोघांना वेगवेगळ्या टेबलांवर बसवलं. लिहायला घ्यायच्या आधी मी सुतारापाशी वाकून म्हणालो, “एसी का पानी टपका, ऐसा लिखो.”

तो म्हणाला, “माशे, आपने ही बोला था न? झूठ लिखा तो अगला आदमी को करंट लगेगा.”

मी एसीचं पाणी लिहिलं, अर्धं पान भरून, उत्तम इंग्रजीत. त्याने चार ओळी लिहिल्या. बाईंनी दोन्ही कागद मला वाचायला दिले. कोण: माझे शिक्षक. काय: देवाची प्रार्थना, नारळाचं पाणी. कुठे: बोर्ड. कधी: नाटकाच्या आधी. खाली जास्तीची एक ओळ होती: माझे शिक्षक चांगले आहेत.

बाई म्हणाल्या, पाणी सांडू शकतं, मला खोटा कागद चालत नाही. एवढंच. मी ‘यस मॅडम’ म्हणालो.

जागा त्याला मिळाली. दुसऱ्याच आठवड्यात तो हलव्याचा डबा घेऊन थेट मुसफ्फाला माझ्या कॅम्पावर आला, लेबर बसने, इस्त्रीचा शर्ट घालून. खोलीतल्या सहाजणांसमोर त्याने माझे हात धरले. “माशे, आपने उस दिन प्रेयर में मेरा वास्ते भी मांगा था. मैं देखा, आप हाथ मेरा तरफ किया. आपका गॉड पक्का है.” मी हलवा खाल्ला. काय करणार? चांगला होता, काळा, तुपाने निथळणारा.

त्याचं कुटुंब सहा महिन्यांत आलं. माझं यायला आणखी पाच वर्षं लागली, आणि विमानतळावर माझी मुलगी मला ‘तुमी’ म्हणाली. अजूनही म्हणते. त्याची मुलगी मला रस्त्यात भेटली की “हाय अंकल, हाऊ आर यू?” म्हणून गळ्यात पडायची. पण हे सगळं नंतरचं.

हलवा संपायच्या आत मला गावाला फोन करावा लागला. शुक्रवारी दुपारी बायको गावातल्या बूथवर येऊन थांबायची. पासपोर्टचे फोटो काढून झाल्याचं तिनेच आधी सांगितलं, आणि कोंबड्या शेजाऱ्यांत वाटून टाकल्याचं. मग मी सांगितलं; नाटकाआधी गाऱ्हाणं घालणार हे तिला मागच्याच फोनवर बोललो होतो.

“नोकरी त्येका लागली?” ती म्हणाली. “तुमी शिकवलात त्येका?”

“होय.”

“आणि गाऱ्हाणा घातलात ता? देवान कसा नाय आयकला?”

“आयकला असतला. माझाच चुकला.”

“काय मागलात?”

इथे एसीचं पाणी सुचलं असतं तर बरं झालं असतं. का कोण जाणे, मी खरं सांगितलं.

“तुमका धड मागूक पण येना नाय,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.