चंद्रप्रकाशचं सोळाचं चाक

चंद्रप्रकाश तावडे माझा शाळेपासूनचा मित्र. मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत तो माझ्या वरच्या मजल्यावर राहतो. वडील गिरणीत होते, हा औषधांच्या गोदामातून निवृत्त झाला. उंची पाच फूट दोन इंच. एवढ्या उंचीच्या माणसाने अठरा इंची चाकांची मोटारसायकल कशाला घ्यावी, हे मी त्याला वर्षानुवर्षं विचारत आलो आणि तो ‘पाय पोचतात’ एवढंच सांगत आला. नुसते चवडे पोचायचे.

दोन वर्षांपूर्वी जिन्यावरून घसरून त्याचा खुबा मोडला. ऑपरेशननंतर डावा पाय पाऊण इंच आखूड राहिला, तरी पठ्ठ्याने गाडी सोडली नाही. मग गेल्या वर्षी चेकनाक्याच्या सिग्नलला तो थांबला आणि डावा पाय टेकायला गेला. नेमका तिथेच रस्ता खचलेला. गाडी दोघांसकट आडवी झाली. मागे त्याची बायको वनमाला होती. तिचं उजवं मनगट मोडलं, आत धातूची पट्टी घालावी लागली. त्या दिवसापासून ती त्याच्या मागे बसली नाही. भांडली नाही, टोमणा मारला नाही. कुठे जायचं झालं की रिक्षाला हात करायची. त्या न भांडण्यानेच चंद्रप्रकाश खचला.

दसऱ्याला ही दोघं भांडुपला तिच्या थोरल्या बहिणीकडे, नलिनीताईंकडे, सोनं द्यायला जातात. लग्नापासून गाडीवरूनच. गेल्या दसऱ्याला ती रिक्षात बसली आणि हा मोटारसायकलवरून रिक्षाच्या मागे मागे गेला.

“यंदा तसं नाही जाणार बाळ,” तो मला म्हणाला. “मागचं चाकच लहान करतो.”

स्टेशनजवळचा गॅरेजवाला भीमराज तयार झाला. “मधला हब तोच ठेवू काका. रिम सोळाची, टायर बुटका, स्पोक आखूड. सीट सव्वा इंच खाली येईल.”

मला यंत्रातलं काही कळत नाही, पण काळजी करायला कुठे कळावं लागतं? चेन घासली तर? ब्रेक नीट लागला नाही तर? आरटीओवाल्याने धरलं तर? चार दिवस मी गॅरेजमध्ये स्टुलावर बसून भीमराजचं डोकं खाल्लं. बिचाऱ्याने एकेक स्पोक आवळून चाक डगमगायचं थांबवलं, चेन सरळ केली, ब्रेक तीनदा तपासून दाखवला. चारही दिवस गाडी मेन स्टँडवर होती. हे मला फार उशिरा आठवलं.

दसऱ्याच्या सकाळी चंद्रप्रकाशने गाडी धुतली, तिच्यावर बसला आणि दोन्ही टाचा जमिनीला टेकवून माझ्याकडे बघितलं.

“बसेल ना रे ती?” सकाळपासून तिसऱ्यांदा विचारत होता. मी ‘बसेल’ म्हणालो. मला अजिबात खात्री नव्हती.

चाक लहान झाल्यामुळे गाडी मेन स्टँडवर चढवायला आता जास्त जोर लागत होता. तो त्याच्या खुब्याला झेपेना, म्हणून त्याने साइड स्टँड लावला. एरवी डावीकडे कलणारी गाडी आज सरळ उभी राहिली.

“बघ, कशी ताठ उभी आहे,” मीच म्हणालो.

“झकास,” तो म्हणाला.

गाडी खाली आली पण स्टँड होता तेवढाच लांब राहिला, हे आम्हा दोन शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही.

वनमाला तबक घेऊन खाली आली. गाडीच्या उजव्या बाजूला उभं राहून तिने टाकीला कुंकू लावलं. आमचं कंपाउंड त्याच बाजूला गटाराकडे उतरतं. चंद्रप्रकाशने हँडलला झेंडूचा भरगच्च हार घातला. हार उजवीकडे सरकला आणि त्याच्याबरोबर गाडीही निघाली.

मी जागचा हललो नाही, हे कबूल करतो. चंद्रप्रकाश पलीकडून सीट पकडायला झेपावला, पण पायाने दगा दिला. तबक खणखणत पडलं. बघतो तर वनमालाने एक हात हँडलला, एक मागच्या कडीला घालून गाडी पोटाशी अडवून धरली होती. हँडलला तोच, पट्टी घातलेला उजवा हात. तेव्हा कुठे मी धावलो आणि आम्ही गाडी भिंतीला टेकवली.

“हात बघू तुझा,” चंद्रप्रकाश म्हणाला. “माझंच चुकलं गं. विकून टाकतो ही गाडी.”

तिने मनगट फिरवून बघितलं. मग पहिल्यांदाच त्या पडण्याबद्दल बोलली, तिच्या मालवणीत. “मी पडूक भियत नाय. तुम्ही पडलास तर माझ्यान तुमका उचलूक जमाचा नाय, म्हणान भियत होतंय.”

चंद्रप्रकाशने वाकून खाली पडलेलं तबक उचललं. काहीतरी करायला हवं म्हणून मी भीमराजला फोन लावला. “स्टँड कापून जोडावा लागेल,” तो म्हणाला. “माझ्या ध्यानातच आलं नाही काका. पण आज हत्यारं पूजेला मांडलीत. आज हात लावत नाही. उद्या सकाळी या.”

मी ते सांगितलं. वनमालाने पदर खोचला.

“स्टँड काय रस्त्यात लागता?” ती म्हणाली. “उतरल्यावर गाडी मी धरतलंय. चला, ताई वाट बघता.”

ती मागे बसली. फाटकापाशी रिक्षा आडवी आली, चंद्रप्रकाश थांबला, दोन्ही पाय सपाट टेकले. मग दोघं दिसेनाशी झाली आणि मी फोन हातात धरून पायरीवर बसलो. घरात चहा गार झाला. अर्ध्या तासात तीन वेळा त्याला फोन लावायला गेलो आणि तीनदा थांबलो. गाडी चालवताना उचलायचा, उगीच.

शेवटी त्याचाच आला.

“पोचलो रे. ठेवतो आता, ती गाडी धरून उभी आहे.”