उगारलेला हात

“चर्चेच्या ओघात एका निवृत्त प्राध्यापकांचा तोल सुटला आणि त्यांनी निबंध वाचणाऱ्या तरुण संशोधिकेवर हात उगारला. बिचारीला मान वर करवेना. मात्र टेबलावरची तिची चिमुकली नदी माणसांच्या रागलोभाची पर्वा न करता निबंध संपेपर्यंत संथ वाहत राहिली.”

विज्ञानाच्या तत्त्वज्ञानावर इथे कोलकात्यात एक कार्यशाळा झाली. तिच्या स्मरणिकेतला हा मजकूर आहे. मूळ इंग्रजी, भाषांतर माझे आणि प्रामाणिक. ते निवृत्त प्राध्यापक म्हणजे मी. शेजारी छायाचित्र आहे. त्यात माझा उजवा हात वर गेलेला, तोंड उघडे, आणि समोर ती मुलगी मान खाली घालून उभी. मनगटाच्या वर चित्र कापलेले आहे, कारण पानाच्या माथ्यावर संस्थेचे बोधचिन्ह बसवायचे होते.

मी उभे आयुष्य या शहरात तत्त्वज्ञान शिकवले. वाणीने मी अनेकांना घायाळ केले असेल, त्याबद्दल मला खेद नाही. पण विद्यार्थ्यावर हात उगारणारा मास्तर ही ओळख मागे ठेवून मी जाणार नाही.

हे पान मला प्रथम दाखवले माझ्या भाच्याने. तो बँकेत अधिकारी, बदली होऊन इथे आलेला, राहायला बेहालाला. रविवारी जेवायला बोलावले आणि वाढायच्या आधीच मोबाइल पुढे केला.

“मामा, हे पुण्यापर्यंत पोचलंय. आई विचारते, दादाने खरंच हात उचलला का?”

“तुझी आई मला सत्तर वर्षं ओळखते. तिने विचारावं?”

सूनबाई पोळी वाढता वाढता म्हणाली, “पण मामा, चेहरा रागावलेलाच दिसतोय हो.”

“रागावलेलाच होतो. कोणावर, ते चित्रात नाही.”

त्यांची धाकटी इथेच वाढलेली. तिचे मराठी अर्धे बंगाली. ती म्हणाली, “आजोबा, दीदीने काय दुष्टुमी केली?” दुष्टुमी म्हणजे खोडी. सगळे हसले. मी जेवलो नाही.

आता घडले ते सांगतो. कार्यशाळेचा विषय होता आकलन आणि प्रतिरूप: एखाद्या गोष्टीची प्रतिकृती केली म्हणजे ती गोष्ट समजली, असे म्हणता येते का? सकाळच्या सत्रात मी नाही म्हणालो. दुपारच्या निबंधांचे गोषवारे आधी वाटले होते. त्या मुलीच्या गोषवाऱ्याचा मी नाव घेऊन समाचार घेतला. तो आजही मागे घेत नाही. यावरून लोकांनी ठरवले की माझे तिच्याशी वैर आहे.

दुपारी तिचा निबंध. तिने हुगळीच्या एका वळणाची प्रतिकृती आणली होती: पत्र्याची लांब पन्हळ, तळाला वाळू, खाली बादली. एका लोखंडी घोडीवर पाण्याचा डबा ठेवायचा, त्यातून रबरी नळीने पाणी पन्हळीत सोडायचे. ती बिचारी हे सारे बसमधून घेऊन आली, आणि एस्प्लनेडला उतरताना गर्दीत घोडीचा सांधा निखळला. डबा ठेवायला सभागृहात उंच असे एक कपाट होते, पण ते भिंतीला टेकलेले, आणि नळी आखूड. आयोजकांपैकी एक जण तार शोधायला गेला. तो अजून परतायचा आहे.

“सर, राहू दे,” ती म्हणाली. “नुसता निबंध वाचते.”

“नुसता निबंध वाचलास तर मी खोडू काय? आण तो डबा इकडे.”

ज्याचे खंडन करायचे त्याचे म्हणणे आधी पुरे मांडले गेले पाहिजे, एवढा एकच शिष्टाचार मी जन्मभर पाळला. मी डबा उजव्या हाताने डोक्यावर धरला, डाव्या हाताने कोपराला आधार दिला, नळी हाताच्या आडून पन्हळीत सोडली, आणि नदी सुरू झाली. मुलगी वाचू लागली. मध्येच वाकून पन्हळीत जांभळ्या रंगाचा थेंब सोडी; तो वळणावर कसा फिरतो, कुठे रेंगाळतो, ते दाखवी. मान खाली होती ती यासाठी.

एवढ्यात दिल्लीहून आलेले विद्वान पाहुणे उठले. निबंध चालू असताना उठले.

“या नदीची खोली खोटी आहे,” ते म्हणाले. “रुंदीच्या मानाने कितीतरी पट जास्त. खोट्यातून आकलन होत नाही, फार तर करमणूक होते. बाईंनी पुढच्या वेळी कागदी होड्याही आणाव्यात.”

सभागृह हसले. खोली रुंदीच्याच प्रमाणात लहान केली असती तर पाणी ओल्या फडक्यासारखे वाळूला चिकटून बसले असते, वाहिलेच नसते. खोली वाढवली म्हणूनच ते नदीसारखे वागते. हे तिच्या निबंधात पुढच्याच पानावर होते. तिथवर ऐकण्याचा धीर त्यांना नव्हता. मी ओरडलो, हे मान्य आहे.

“कागद तुमच्या हातात आहेतच, होड्या तुम्ही करा! तिला निबंध पुरा करू द्या. खाली बसा!”

छायाचित्र त्या क्षणाचे आहे. पाहुणे बसले. मुलीने निबंध पुरा केला. नंतर मी डबा खाली ठेवला आणि तिच्या निष्कर्षावर तीन आक्षेप घेतले. त्यांपैकी दोनांना तिने चोख उत्तर दिले.

मी संपादकांना फोन केला. ते जुने परिचित. त्या दुपारी ते सभागृहात नव्हते, एका पाहुण्यांना गाडीत बसवायला हावड्याला गेले होते.

“दादा, कोणतेही चित्र वाचावे लागते, असे सकाळी तुम्हीच म्हणालात. आम्ही वाचले.”

“चुकीचे वाचलेत. माझ्या हातात डबा होता.”

“डबा कोणालाच आठवत नाही. तुमचा आवाज सगळ्यांना आठवतो.”

“मूळ छायाचित्र काढा.”

“ज्याने काढले त्याने मोबाइल बदलला हो. आणि दादा, एवढे मनावर काय घेता? लोक म्हणतात, या वयातही धग आहे.”

त्या मुलीनेही त्यांना आपणहून फोन केला होता. सरांनी हात उगारला नाही, डबा धरला होता, असे स्पष्ट सांगितले होते. “मुलगी गुणी आहे, मोठ्यांचा मान राखते,” एवढे म्हणून त्यांनी तिची साक्ष निकालात काढली. तीन दिवस प्रतिरूपांवर काथ्याकूट करणाऱ्या या मंडळींना एका कापलेल्या छायाचित्रापुढे जिवंत माणसाचा शब्द हलका वाटला. माझा अपमान मी एक वेळ सोसला असता. पण जी मुलगी भर सभेत ताठ उभी राहून आपले म्हणणे शेवटास नेते, तिला यांनी मान न उचलवणारी बिचारी करून छापले.

माझा शब्द नको, तिचाही नको. संपादकांचाच घेतो. त्यांनी लिहिले आहे की नदी निबंध संपेपर्यंत वाहत राहिली. सभागृहातला प्रत्येक जण हेच सांगतो. दिल्लीच्या पाहुण्यांनाही ते नाकारता आलेले नाही. घोडी मोडकी होऊन दाराशी पडली होती, हेही सर्वांनी येता-जाता पाहिले.

त्या नदीला पंप नव्हता.