शेवटच्या रांगेतून फ्लॅगस्टाफ

चँडलरच्या त्या शोरूमच्या आवारात मी पहिली पाच मिनिटं हात मागे बांधून उभा होतो. ओळीनं गाड्या, आणि एकीवरही धूळ नाही. हात लावला तर डाग पडेल अशी भीती वाटत होती.

माझं शिक्षण आठवीपर्यंत. नंतर कराडला गॅरेजात पाने उचलले आणि पुढे वीस वर्षं वडाप (माणसं दाटून नेणारी जीप) चालवलं. माझी भाची स्नेहा इथे ॲरिझोनात असते. तिनं तिकीट पाठवलं म्हणून २००६ साली मला हा देश बघायला मिळाला. तीन आठवडे नुसता जेवत होतो. भांडं विसळायला उठलो तरी, "मामा, तू बस रे." आणि आता तिचे यजमान अभिजितराव म्हणाले होते, "मामा, तुम्ही मेकॅनिक आहात. गाडी तुम्ही पास करा, मगच घेऊ." एवढा मान मिळाल्यावर नुसतं बसून कसं चालेल?

गाडीची गरज खरी होती. स्नेहाला पाचवा महिना होता, चार वर्षांची रेवा होतीच, आणि जूनमध्ये अभिजितरावांचे आईवडील नागपूरहून सहा महिन्यांसाठी येणार होते. म्हणून ही तीन रांगांची, उंच, भारीतली गाडी.

गाडी पास करायची तर आधी पोट बघायचं, हे गॅरेजातल्या उस्तादांनी शिकवलेलं. मी एक पुठ्ठा शोधला, अंथरला आणि गाडीखाली सरकलो. वॉल्टर नावाचे पांढऱ्या मिशांचे सेल्समन धावत आले. "सर? सर, प्लीज."

अभिजितराव ओशाळले. "मामा, इथे असं करत नाहीत हो."

मी बाहेर निघालो तर वॉल्टरसाहेब स्वतः गुडघे टेकून वाकून बघत होते. ते म्हणाले, आणि स्नेहानं मला मराठीत सांगितलं, की तीस वर्षांत गिऱ्हाइकानं खाली बघितलेलं हे पहिल्यांदाच. मग स्नेहा आणि अभिजितराव, दोघांची लायसन्स बघून त्यांनी एक दिवसासाठी गाडी दिली.

शनिवारी सकाळी फ्लॅगस्टाफला निघालो. मधल्या रांगेत एका बाजूला रेवाची सीट, दुसऱ्या बाजूला येणाऱ्या बाळासाठी मैत्रिणीकडून आणलेली रिकामी सीट. अभिजितरावांना सगळं आजच अजमावायचं होतं. दोन्ही सीटा पट्ट्यांनी आवळल्यावर मधे माणूस मावेना, आणि मागे जायला मधली रांग पुढे सरकेना. मी म्हटलं, "मी बसतो मागे." आणि डिकीच्या दारातून आत चढलो.

गाडी काय होती म्हणून सांगू. इंजिन सुरू आहे का बंद, ते हात टेकवून बघावं लागत होतं. फिनिक्स मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना सग्वारो (हात वर करून उभ्या माणसासारखा दिसणारा उंच निवडुंग) सुरू झाले. मग चढ लागला. आमच्या कुंभार्ली घाटात असल्या चढाला जीप रडते. ही एकदाही अडखळली नाही. गिअर कधी बदलला ते कानाला कळलं नाही. पाण्याची अर्धी भरलेली बाटली मांडीजवळ धरून मी बघत होतो. पाणी नुसतं हलत होतं, उसळत नव्हतं. शेवटच्या रांगेलासुद्धा गार हवेची वेगळी जाळी. ती बनवणाऱ्यांना मनातून नमस्कार केला.

फक्त माझे गुडघे हनुवटीला लागले होते.

"मामा, कसं वाटतंय मागे?" अभिजितरावांनी आरशातून विचारलं.

"छान आहे."

वाटेत उंचावरच्या विश्रांतीच्या जागी थांबलो. डिकीचं दार उघडलं आणि मी पाय आधी, मग कंबर, असा निघालो. शेजारच्या ट्रकपाशी कॉफी पीत उभे असलेले एक गोरे आजोबा हसले. "हाऊ इज इट बॅक देअर?"

"गुड. व्हेरी गुड," मी म्हणालो.

रेवा म्हणाली, "मामाआजोबा, यू वॉक लाइक अ क्रॅब."

पुढे निवडुंग संपले, पाईनची झाडं आली आणि फ्लॅगस्टाफला सावलीत चक्क बर्फ. तो मी पहिल्यांदा हातात घेतला. गाडीतच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. अभिजितराव स्टिअरिंगवरून हात फिरवत होते, तान्ह्या बाळावरून फिरवावा तसा.

"मग मामा? पास?"

माझ्या तोंडात 'पास' तयार होतं. अन्न खातोय त्यांचं, वरून खोट कशाला काढा? पण मला नागपूरच्या विहीणबाई दिसत होत्या. लग्नात भेटल्या तेव्हा गुडघ्यांमुळे खुर्चीवरून उठताना दोघींचा आधार घेत होत्या. दोन पोरं मधल्या रांगेत, म्हणजे विहीणबाई आणि व्याही, दोघांची जागा मागेच. सहा महिने. आणि कसं वाटतंय विचारलं की त्या काय म्हणतील, ते मी सकाळपासून स्वतःच म्हणत होतो.

"अभिजितराव," मी म्हणालो, "परतीला तुम्ही मागे बसा."

स्नेहाच्या हातातली दशमी तिथेच थांबली. जावयाला पुढची जागा द्यायची, हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही, ते रक्तातच असतं. "मामा, काहीतरीच काय," ती म्हणाली.

"मी बसतो ना," अभिजितराव म्हणाले, पण आवाज जरा पडला होता.

स्नेहानं गाडी घेतली, मी पुढे बसलो. एकदा स्नेहानं विचारलं, "ठीक आहेस ना रे?" मागून उत्तर आलं, "हो, छान आहे."

त्याच विश्रांतीच्या जागी मी दार उघडलं. अभिजितराव निघाले, कंबर धरून उभे राहिले. आता रेवा त्यांना खेकडा म्हणाली.

"सकाळी का नाही बोललात, मामा?"

"तुम्ही आत्ता का नाही बोललात?"

त्यांनी वाकून मागची रांग पुन्हा बघितली. मग म्हणाले, "आई तर कधीच बोलली नसती."

"गाडी पास आहे," मी म्हणालो. "इंजिन, ब्रेक, घाटातली चाल, मी जन्मात अशी पाहिली नाही. फक्त मधे वाट हवी."

सोमवारी वॉल्टरसाहेबांनी तीच गाडी दुसऱ्या प्रकारात दाखवली. मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या, मधून चालत जायला वाट. म्हणजे आईवडील खुर्च्यांवर आणि पोरं वाटेतून मागे. रेवाला शेवटची रांग आधीच आवडली होती. "माय हाऊस," ती म्हणाली. बाळ मोठं होईपर्यंत एक खुर्ची त्याची, दुसरी सासूबाईंची, सासरे पुढे आणि मागे आपण, असं स्नेहानंच ठरवलं. मी पुन्हा पुठ्ठा मागितला. वॉल्टरसाहेबांनी तो आणूनच ठेवला होता.

त्याच गाडीतून मला विमानतळावर सोडलं. मी सवयीनं मागे निघालो, तर अभिजितरावांनी पुढचं दार उघडून धरलं.

दोन दिवसांनी कराडला उतरलो. गावाकडचं वडाप लागलेलं होतं. ड्रायव्हर माझ्या ओळखीचा, दिनकर. "उस्ताद, पुढं या, अमेरिकेचं पाहुणं." खाली एक म्हातारी पिशवी घेऊन मागच्या फळीकडे निघाली होती. वीस वर्षं मी अशा म्हाताऱ्यांना मागेच घातलं; कुणी कधी तक्रार केली नाही, म्हणून वाटायचं बरं चाललंय. तिला पुढे बसवलं आणि मी मागे गेलो.

गावात उतरलो तेव्हा दिनकरनं हसत विचारलं, "काय उस्ताद, मागं तरास न्हाय ना झाला?"

"झाला," मी म्हणालो.