परबकाकींची वेल्क्रोची पट्टी

वेल्क्रोची पट्टी कापली की परबकाकी ती आधी स्वतःच्या मानेवर घासून बघायच्या. मग तिचे कोपरे कात्रीने गोल करायच्या आणि पुन्हा घासायच्या. मान लाल व्हायची. "जेका घालूचा आसा तेका बोलाक येत नसात तर? टोचता म्हणान सांगतलो कोण?" असं म्हणायच्या.

भांडुपच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या चौथ्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्या. लिफ्ट नाही. सांधेदुखीने आईची बोटं वाकडी झाली, तिला ब्लाउजचे हूक लावता येईनात, म्हणून मी त्यांच्याकडे गेले. बाजारातून मागे गोंद असलेली पट्टी नेली होती. त्यांनी ती परत माझ्या हातात ठेवली. "ही चिकटवायची गो. सुईला गोंद लागला की मशीन टाके सोडतं. साधी आण." साधी आणल्यावर त्यांनी मला शेजारी बसवून दाखवलं. वर येणाऱ्या कडेला आतून मऊ पट्टी, खाली राहणाऱ्या कडेला वरून काटेरी. जरा सरकली तरी अंगाला मऊच लागते. चारी कडांनी शिलाई, सुरुवातीला आणि शेवटी उलटे टाके.

हे सगळं त्या काकांसाठी शिकल्या होत्या. काका पलंगावर असायचे. अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू आणि वाचा, दोन्ही गेलं होतं. एकदा काकी औषध आणायला खाली उतरल्या, तेवढ्यात ते उठायला गेले आणि पडले. कपाळाला टाके पडले. त्यानंतर चार वर्षं काकी खाली उतरल्या नाहीत. भाजी खिडकीतून दोरीला पिशवी बांधून वर घ्यायच्या. मुलगा दुबईला. सख्ख्या बहिणीच्या मुलीचं कुडाळचं लग्न त्यांनी फोनवर पाहिलं.

काकांच्या शर्टांची काजं शिवून बंद करून, वर बटणं नुसती दिसायला ठेवून त्यांनी आतून वेल्क्रो लावलं होतं. आल्यागेल्याला कळू नये म्हणून. काकांनी डाव्या हाताने शर्ट पहिल्यांदा स्वतः बंद केला त्या दिवशी काकींनी शिरा केला. "आता निदान कपड्याचा तरी माझ्यावर नाय," म्हणाल्या.

पण काकांना त्या पट्टीचा आवाज सापडला. हाक मारता येत नव्हती. ते शर्ट खर्रकन उघडायचे. पाणी हवं, खर्र. कूस बदलायचीय, खर्र. काकी नुसत्या स्वयंपाकघरात गेल्या तरी खर्र.

एका दुपारी मी आईचा गाऊन घेऊन गेले, तर काकी काकांच्या शर्टांना पुन्हा काजं करत बसल्या होत्या. पुढ्यात उसवलेल्या पट्ट्यांचा ढीग.

"काकी, हे काय?"

"सगळी काढलंय. सकाळपासून घर गप आसा." त्यांनी वर पाहिलं नाही. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मी तेंचा तोंड बंद केलंय गो. बघ ना, कसे बघतत माझ्याकडे."

काकांचा डावा हात छातीवर बटणं चाचपत होता. काकींनी काजं तशीच टाकली आणि पट्ट्या परत लावायला मशीनवर बसल्या. मी पट्ट्यांत अडकलेले दोरे जुन्या टूथब्रशने काढून देत होते. संध्याकाळपर्यंत दोन शर्ट झाले. एक घातल्या घातल्या काकांनी तो उघडला. "इलंय, इलंय," म्हणत काकी पाण्याचा पेला घेऊन धावल्या. चिडल्या होत्या, आणि डोळे भरले होते.

पुढच्या वर्षी काका गेले. तेरावं झाल्यावर काकी कठडा धरत, एकेका मजल्यावर थांबत खाली आल्या आणि गेटजवळच्या बाकावर बसल्या. मी शेजारी बसले.

"आता खंय जाऊ, सांग," त्या म्हणाल्या.

महिन्याभराने काकींना न्यायला त्यांची कुडाळची बहीण आली. मशीन रिक्षात चढवलं. मी विचारलं, "कोणी शिवण घेऊन आलं तर काय सांगू?"

काकींनी चौथ्या मजल्यावरच्या बंद खिडकीकडे एकदा पाहिलं. मग पदर खोचत रिक्षात बसल्या.

"सांग, काकी भायर गेली."