खाली येणारी गाडी

आईला मधुमेह निघाला तेव्हा मी नाते गावच्या शाळेत शिक्षिका होते, आणि आमच्या अख्ख्या वाडीत शिकलेली बाई म्हणजे मीच. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं माझ्या त्या शिकलेपणामुळंच झालं.

महाडच्या डॉक्टरांनी आईची लघवी निळ्या औषधात घालून नळी दिव्यावर धरली. पाणी विटेसारखं लाल झालं. रोज सकाळी एक गोळी, अर्ध्या तासानं पोटभर खाणं, साखर-गूळ बंद, असं त्यांनी सांगितलं. आणखीही काही सांगत होते. मी चिठ्ठी घडी करून पिशवीत ठेवत होते आणि आईवर मनातून चिडत होते, कारण ती मधेच विचारत होती, "गोली घेऊन भाताच्या लावणीला गेलं तर चालंल ना?"

आमचं घर पोलादपूरच्या वर, घाटरस्त्याला लागून. घरात घड्याळ नव्हतं. मग अर्धा तास म्हणजे किती, हे आईला कसं सांगायचं? मला युक्ती सुचली, आणि सुचली तेव्हा स्वतःचं कौतुकही वाटलं. सकाळी महाबळेश्वरची एसटी दारावरून वर जायची आणि साधारण अर्ध्या तासानं दुसरी वरून खाली यायची. "वर जाणाऱ्या गाडीला गोळी, खाली येणाऱ्या गाडीला भाकरी," मी म्हटलं. वर्गात पाढे घोकून घेते तसं तिच्याकडून घोकून घेतलं. "आणि गाडी आल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही. जिवाशी खेळ आहे."

"नाय घालणार, बाय," ती म्हणाली. डब्यातला गूळ मी स्वतः शेजारच्या काकीच्या घरी नेऊन दिला.

पावसाळ्यातल्या एका शनिवारी सकाळची शाळा आटोपून मी घरी निघाले. पोलादपूरला उतरल्यावर कळलं, सकाळीच घाटात दरड आली, वरच्या गाड्या बंद. एसटीला शिव्या घालत मी चालत निघाले. तासाभराच्या त्या चढात माझ्या डोक्यात एवढंच होतं की चपलेचा अंगठा घरापर्यंत टिकतो की नाही.

आई पडवीत भिंतीला कलंडलेली होती. लुगडं घामानं भिजलेलं, डोळे अर्धवट मिटलेले, काहीबाही बरळत होती. शेजारी ताटात भाकरी, त्यावर दुसरं ताट झाकलेलं. ते मला दिसलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. मला वाटलं, हिची साखर वाढली, हिनं चोरून गोड खाल्लं. "काय खाल्लंस? खरं सांग," म्हणत मी तिला खांदे धरून गदागदा हलवलं. फडताळातले डबे उघडून पाहिले. तिच्या तोंडाचा वास घेतला. आजारी आईशी कुणी असं वागतं का? मी वागले.

काकी गुळाचा चहा घेऊन धावत आली. "घोटभर पाज गो, तरतरी येल तिला." मी तिचा हात असा झटकला की कप अंगणात जाऊन फुटला. "मारायचंय का तिला?" मी म्हटलं. काकी काहीतरी सांगू बघत होती. मी ऐकूनच घेतलं नाही.

वाडीतल्या चौघांनी बांबूला चादरीची झोळी बांधून आईला उचललं. अर्ध्या उतारावर तिनं हाकेला ओ देणं बंद केलं. तिचा गार हात धरून मी झोळीबरोबर पळत होते आणि मनात कबूल करत सुटले होते, नोकरी सोडते, घरी राहते, पुन्हा तिच्यावर आवाज चढवणार नाही. पण आमच्या घरानं देव कधीच सोडले होते. हे सगळं कुणापुढं कबूल करत होते तेही मला कळत नव्हतं.

पोलादपूरच्या डॉक्टरांनी नाडी धरूनच विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंय?"

काकी मागोमाग आली होती. ती हळूच म्हणाली, "कायच नाय. गोली घेतली नि गाडीची वाट बघत ऱ्हायली. मी म्हटलं, जेव आता, तर बोलली, बायनं नको सांगितलाय."

डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. "साखर फार उतरली होती," ते म्हणाले. "घोटभर गोड चहा दिला असतात तरी भागलं असतं." काकीनं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं मला चारचौघांत शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बऱ्याच वेळानं आईनं डोळे उघडले. मी कोण हे तिला पटकन कळेना. मग ओठ हलले, म्हणून मी कान जवळ नेला.

"खालची गाडी आली गो?"

"आली, आये," मी म्हटलं. "जेव आता."